लाल दिवे विझेनात

मालवण,
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सत्यवान,

पत्राच्या सुरुवातीला तब्येतीची चौकशी करायची असते. कसा आहेस? झाली चौकशी. आता खरं कारण.

जीपचे मागचे लाल दिवे लागलेत आणि विझत नाहीत. ब्रेकवर कोणाचा पाय नाही, चावी माझ्या खिशात, मी स्वयंपाकघरात चहा पितोय, आणि अंगणात जीप लाल डोळे करून उभी. चौदा महिने ती झाकून ठेवली होती. काल बॅटरी चढवली, मागे सुटलेली एक वायर होती ती जोडली, आणि हे सुरू झालं. ढकलून बघितली तर चाकं जागची हलत नाहीत.

चौदा महिन्यांनी पत्र लिहितोय आणि त्यातही पहिलं कामच सांगतोय, म्हणजे मी काय माणूस आहे हे तुला नव्याने कळायला नको. फोन करायला तोंड नव्हतं. केला असता तरी तुझ्या कानांना ऐकू आलं नसतं, म्हणजे तसा धोका काहीच नव्हता. तरी धीर झाला नाही.

जे घडलं ते तुला माहीत आहे, पण मी ते कधी नीट बोललो नाही, म्हणून एकदा लिहितो. तू जीपच्या ब्रेकचं सगळं काम करून दिलंस आणि दहा दिवसांनी, पंधरा ऑगस्टला, मरियेच्या सणाच्या मिसाला जाताना चर्चच्या उतारावर ब्रेक गेले. अख्खं गाव चर्चच्या दारात उभं, आणि त्यांच्यासमोरून आम्ही नवराबायको आल्तारवर वाहायची फुलं घेऊन सरळ महादूच्या शेतात. महादू चिखलात उभा होता. म्हणाला, "मास्तरानू, लावणी झाली. आता जीप कशाक लावतास?" रोझाचं डावं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी जीप ट्रॅक्टरने ओढून काढली, तर ब्रेक ठणठणीत लागत होते. कारण कोणालाच सापडलं नाही, म्हणून गावाने आपलं एक ठरवून टाकलं, की सत्यवानाचो हात गेलो.

तू भेटायला आलास. फाटकातून तुला रोझाचं प्लास्टर दिसलं आणि तू तिथेच थांबलास. मी व्हरांड्यात होतो. उठलो नाही. बसल्या जागेवरून म्हणालो, "वय झाला आता, सत्यवान. पुरे कर." तू पुरे केलंस. कणकवलीचं गॅरेज बंद केलंस आणि नांदगावला लेकीकडे, विनीताकडे राहायला गेलास. मला वाटलं होतं, चार दिवसांनी येऊन शिव्या देशील.

आता आमच्या लेकीचं, स्टेलाचं लग्न ठरलंय, कुडाळच्या अनिशशी, सत्तावीस डिसेंबरला. तिची एकच अट आहे. चर्चला जाईन तर जीपमधून. जन्मल्यावर तिला दवाखान्यातून घरी आणलं ते याच जीपमधून आणि चालवत तू होतास, हे तिला रोझाने सांगून ठेवलंय. अटीला पोटअट अशी, की सत्यवानकाकाने हात लावल्याशिवाय ती जीपमध्ये बसणार नाही.

मी चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मला दोन दिवे विझवता येत नाहीत. येशील का?

तुझा,
आर्थर

*

नांदगाव,
९ नोव्हेंबर २०२५

रा. रा. आर्थर लुद्रिक सर यांस, स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. मी काम सोडलं आहे. मालवणात चांगले नवीन मेकॅनिक आहेत, त्यांना दाखवावी. चि. स्टेलाला आशीर्वाद.

आपला,
सत्यवान मेस्त्री

ता. क. दिवे विझत नसतील तर आधी बॅटरीची वायर काढून ठेवा. बॅटरी मरेल.

ता. क. जीपखाली मास्टर सिलेंडरच्या तोंडावर एक पितळी स्विच आहे, ब्रेकच्या दाबावर चालणारा. त्याला दोन वायरी आहेत. दोन्ही काढून बघा. दिवे विझले तर वायरिंगला दोष नाही. मग एक तर स्विच आतून चिकटलाय, नाहीतर ब्रेकमध्ये दाब अडकलाय. हे काम म्हणून नव्हे, माहिती म्हणून सांगत आहे.

ता. क. खाली शिरण्याआधी चाकांना दगड लावा. जॅकच्या भरवशावर राहू नका. १९९४ साली आपण राहिला होता.

*

मालवण,
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय सत्यवान,

तुझं पत्र रोझाने मोठ्याने वाचलं आणि 'आपलं', 'ठेवा', 'लावा' अशी तीन ठिकाणी थांबली. मला म्हणाली, "पंचेचाळीस वर्सांत तेणा तुका कधी तुमी म्हटल्यान?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मगे बस आता तुमी होवन." तेव्हापासून मी घरात तसाच बसलोय.

तुझ्या तिन्ही ताज्या कलमांचं पालन केलं. चाकांना दगड लावले आणि जीपखाली गेलो. जाणं जमलं, बाहेर येणं जमलं नाही. गेल्या चौदा महिन्यांत जीप होती तेवढीच राहिली, मी वाढलो. पोट नेमकं मधल्या लोखंडी पट्टीला अडलं. त्याच वेळी पोस्टमन आला. त्याने आपलं बोलणं माझ्या पायांशीच सुरू केलं, "मास्तरानू, रजिस्टर आसा, सही व्हयी." मी खालून हात काढून सही केली. माझी सही एवढी वळणदार यापूर्वी कधी आली नव्हती. मग रोझा आणि स्टेलाने एकेक पाय धरून मला ओढून काढलं. शर्टाची दोन बटणं अजून आतच आहेत.

पण वायरी काढल्या! काढताक्षणी दिवे विझले. म्हणजे वायरिंग निर्दोष. स्विच किंवा दाब, दोघांपैकी एक आरोपी.

एक गोष्ट आठवली, महत्त्वाची नसावी. हे दिवे तेव्हाही असेच लागून राहायचे. तू काम केलंस तेव्हा ठीक होते, पाच-सहा दिवसांनी विझेनासे झाले. बॅटरी उतरायला लागली, म्हणून मी अकरा ऑगस्टला मागच्या दिव्यांची वायरच काढून टाकली. या महिन्यात जोडली ती हीच. तेव्हा मला माझं मोठं कौतुक वाटलं होतं. रोझाला म्हटलंही होतं, बघ, प्रत्येक वेळी सत्यवान लागत नाही.

तुझा,
आर्थर

*

नांदगाव,
२० नोव्हेंबर २०२५

मास्तर,

महत्त्वाची नसावी! हे वाक्य वाचून मी अंगणात तीन फेऱ्या मारल्या. विनीताला वाटलं माझी साखर वाढली.

अरे, जीप तुला ओरडून सांगत होती की ब्रेक सुटत नाहीत, आणि तू तिच्या तोंडात बोळा कोंबलास. वर हे मला आज सांगतोस. चौदा महिन्यांत तुला एक पोस्टकार्ड मिळालं नाही?

आता मी सांगतो तसं कर, स्वतःची अक्कल लावू नकोस. स्विचच्या वायरी परत जोड, दिवे लागतील. मग मागच्या डाव्या चाकामागे ऑइल सोडायचं एक छोटं निपल आहे ते शोध. आधी त्याला रबरी नळी लाव आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत सोड. पान्याने निपल अर्धा फेरा सैल कर. पेडलला कोणी हात लावायचा नाही. तरीही ऑइल जोरात आलं आणि दिवे विझले, तर स्विचही चांगला आहे. मग आत दाब अडकलाय हे नक्की.

आणि या तीन गोष्टींची उत्तरं दे. त्या सकाळी इंजिन जड वाटत होतं का? जळका वास आला होता का? त्याआधी किती लांब गाडी चालवली होतीस?

सत्यवान

मी काम सोडलेलं आहे. हे फक्त विचारतोय.

*

मालवण,
२६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सत्यवान,

'अरे' वाचून रोझाने तुझं पत्र येशूच्या फोटोमागे ठेवलं. मला अजून तिथे जागा मिळालेली नाही.

निपल सापडलं. रबरी नळी काही सापडली नाही. मी विचार केला, अर्धाच तर फेरा आहे, नळीचं एवढं काय. इथे तू डोळे मिटले असशील तर बरोबर मिटलेस. चिळकांडी उडाली. पहिली माझ्या चष्म्यावर, दुसरी क्लाइव्हच्या बोर्डावर.

रोझाचा हा भाऊ देवबागला होमस्टे चालवतो. तिथे ओल्या रंगावर वाळू उडून बसते, म्हणून नव्या बोर्डाला शेवटचा हात मारून त्याने तो आमच्या अंगणात वाळत ठेवला होता. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'समुद्रदर्शन'. ब्रेक ऑइल रंग खातं हे मुलांना शिकवायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं, तो धडा त्या दिवशी झाला. 'समुद्र' गेला, 'दर्शन' राहिलं. क्लाइव्हने तसाच बोर्ड नेऊन लावलाय आणि येणारे पर्यटक विचारतात, देऊळ कुठल्या देवाचं. तो माझ्याशी बोलत नाही. पण तुझ्याशी बोलायला हरकत नाही म्हणाला.

मात्र दिवे विझले. ऑइल उडालं त्याच क्षणी विझले, स्टेलाने बघितलं. चाकही हाताने फिरलं. मी मुलासारखा टाळ्या वाजवल्या. मग तू म्हणतोस तो दाब तपासून बघू म्हणून पेडल एकदा दाबलं आणि सोडलं. दिवे परत लागले ते लागलेच.

आता तुझे प्रश्न. त्या सकाळी आधी देवबागला जाऊन फुलं आणली होती, म्हणजे जाऊन-येऊन बराच पल्ला झाला. इंजिन जड होतं, मी पेट्रोलला शिव्या दिल्या. जळका वासही आला होता. मी रोझाला म्हटलं, कोणीतरी बांगडे करपवले. ती म्हणाली, "मिसाच्या टायमाक बांगडे कोण भाजतलो?" मी म्हटलं, नाक माझं तयार आहे, तू फुलं सांभाळ. पुढचा सगळा रस्ता ते बांगडे आमच्याबरोबर आले. तरीही मला शंका आली नाही.

तुझा,
आर्थर

*

नांदगाव,
१ डिसेंबर २०२५

आर्थर,

मी हे पत्र दोनदा लिहिलं. पहिलं फाडलं, कारण त्यात शिव्याच जास्त झाल्या.

ऐक. ब्रेक लागूनच राहिले होते. चाकांचे ड्रम तापले, त्यांनी ऑइल उकळवलं, ऑइलात वाफ झाली. उतारावर तू पेडल दाबलंस, तर ती वाफच दबली, ब्रेकपर्यंत काही पोहोचलं नाही. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा ऑइल झालं, म्हणून दुसऱ्या दिवशी ब्रेक लागले. हे तू मुलांना फळ्यावर चित्र काढून शिकवायचास. मी पंधरा महिने रोज त्या दिवसाचं काम मनात खोलतोय आणि परत जोडतोय. सगळं बरोबर जोडलं जातं. मग रोझाच्या हाताचं प्लास्टर आठवतं आणि पुन्हा खोलतो.

आता एकच गोष्ट राहिली. दाब सुटत का नाही? पेडल पूर्ण वर आलं नाही, तर सिलेंडरमधलं परतीचं छिद्र उघडत नाही आणि ऑइल मागे फिरत नाही. अर्धा इंच कमी आलं तरी पुरे. मग पेडल वर का येत नाही?

पायाखालची चटई काढ. पेडलचा दांडा जिथे पत्र्यातल्या फटीतून खाली जातो, तिथे डोळा लावून बघ. खालची माती दिसते का, तेवढं कळव.

सत्यवान

*

मालवण,
६ डिसेंबर २०२५

प्रिय सत्यवान,

तुझी फार दगदग झाली. या वयात तुला त्रास देणं मला बरं वाटत नाही. जीपचं राहू दे. लग्नासाठी कुडाळहून एक पांढरी गाडी बघितली आहे, तिला एसी आहे. स्टेलाची समजूत घालतो. तुला आमंत्रण पाठवतोच, विनीतासह नक्की यायचं. रोझा आठवण काढते. इकडे सगळं ठीक.

तुझा,
आर्थर

*

नांदगाव,
१० डिसेंबर २०२५

आर्थर,

माती दिसते का, याचं उत्तर तू दिलं नाहीस.

तुला खोटं लिहिता येत नाही. एवढं छोटं पत्र तू आयुष्यात कधी लिहिलं नव्हतंस. तुला काहीतरी सापडलंय आणि तू मला सांभाळून घेतोयस, हे मला कळलं.

तर मी तुला सांगतो. त्या दिवशी काम करताना माझ्या हातात विनीताच्या जुन्या निळ्या परकराची चिंधी होती, ऑइल पुसायला. संध्याकाळी हत्यारं आवरताना ती दिसली नाही. मी फार शोधली नाही. पंधरा महिने हे मी कोणालाही बोललेलो नाही, विनीतालासुद्धा नाही. त्या फटीत ती चिंधी असेल, तर रोझाचं मनगट मी मोडलं आणि गाव बोललं ते खरं.

जे सापडलं ते पोस्टाने पाठव. माझं आहे की नाही ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं आहे. हत्यारांची पेटी विनीताच्या माळ्यावर आहे. चिंधी निळी निघाली तर पेटी मी भंगारात देणार.

सत्यवान

*

मालवण,
१४ डिसेंबर २०२५

प्रिय सत्यवान,

सोबत पार्सल आहे. आधी ते उघड. मग वाच.

बघितलंस? निळं नाही. चिंधीही नाही. तो काथ्या आहे, आणि तो मी कोंबलेला आहे.

तू काम करून दिल्यावर चार दिवसांनी खूप पाऊस होता. रोझाने पंधरा ऑगस्टसाठी पांढऱ्या सँडल घेतल्या होत्या आणि पेडलच्या फटीतून चिखलाचं पाणी आत उडायचं. मी घरातला काथ्या घेतला, घट्ट वळला आणि स्क्रूड्रायव्हरने त्या फटीत ठोकून बसवला. वर चटई टाकली. एक थेंब आत येईना. मग तो काथ्या ओला होऊन फुगला आणि त्याने पेडलचा दांडा धरून ठेवला. दिवे विझेनात तर मी वायर काढली. वास आला तर बांगड्यांवर घातला. ब्रेक गेले तर तुझ्यावर. एवढ्या पद्धतशीर चुका मी वर्गातल्या एकाही मुलाला करू दिल्या नसत्या.

पाच तारखेला चटई काढली तेव्हा हे सगळं मला एका क्षणात कळलं. काथ्या उपसला. पेडल टक् करून वर आलं, अंगणात लाल दिवे विझले. आणि दुसऱ्या दिवशी तुला ते एसीवालं पत्र लिहिलं. तुला वाटलं मी तुला सांभाळून घेतोय. नाही रे. मी मला सांभाळत होतो. तुझं दहा तारखेचं पत्र काल मिळालं आणि ती निळी चिंधी वाचून मला जेवण गेलं नाही. मी भित्रा आहे हे मला ठाऊक होतं, इतका असेन असं वाटलं नव्हतं.

रोझाला सांगितलं. तिने काथ्या हातात घेऊन बघितला. मग म्हणाली, "माका सांगून काय उपेग? ज्यांका सत्यवानाचा नाव सांगितलंस, त्यांका सांग."

तर आजचं ऐक. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मिसाच्या शेवटी चर्चमध्ये लग्नाची चिठ्ठी वाचतात, तुला माहीत आहे. आज स्टेलाची दुसरी चिठ्ठी. फादरनी दोघांची नावं वाचली आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, या विवाहाला कोणाला काही हरकत ठाऊक असेल तर सांगावी. मी उभा राहिलो.

सगळ्या चर्चच्या माना वळल्या. मुलीचा बापच उभा. स्टेला पांढरी पडली, अनिशचे आईवडील आजच पाहुणे म्हणून आले होते, त्याच्या आईने छातीवर क्रूस केला. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या क्लाइव्हच्या बायकोने, ब्रेंडाने, पेटीवरचा हात काढला. फादर म्हणाले, "आर्थर, तुमची हरकत आहे?"

मी म्हटलं, "हरकत नाही फादर. कबुली आहे."

फादर म्हणाले, "पापांच्या कबुलीची वेळ शनिवारी पाचला."

मी म्हटलं, "ही सगळ्यांसमोरच द्यायची आहे." खिशातून काथ्या काढला आणि वर धरला. पंधरा ऑगस्टला काय झालं ते सगळं सांगितलं. म्हटलं, सत्यवानाचा हात गेला असं आपण सगळे म्हणालो, आणि सगळ्यांत आधी मी म्हणालो. त्याचा हात जागेवर आहे. त्याने गॅरेज बंद केलं ते माझ्यामुळे. कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील, त्यापेक्षा हे कठीण गेलं. शेवटी अनिशची आईच म्हणाली, "म्हणजे लग्न आसा मां?" तेव्हा मात्र सगळे हसले.

घरी पोहोचेपर्यंत बातमी माझ्या पुढे गेली होती. महादू फाटकाशीच उभा. "मास्तरानू, म्हणजे माझ्या भातात जीप मेस्त्रीन नाय, तुमीच घातलास." मी म्हटलं, हो. "मी बाजारात सगळ्यांका सांगतंय," म्हणाला. मी म्हटलं, सांग. आजवर महादूला कुठलंही काम सांगताना मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

सत्यवान, मला माफ कर. त्या दिवशी मी व्हरांड्यातून उठायला हवं होतं. जीपमध्ये स्टेला बसो न बसो, तुझी पेटी माळ्यावरून काढ.

आर्थर

*

नांदगाव,
१८ डिसेंबर २०२५

आर्थर,

पार्सल मिळालं. उघडायला दोन तास लागले, कारण बसलो होतो समोर घेऊन. शेवटी विनीताने कात्रीने कापलं. काथ्या बघून मी हसलो आणि मग रडलो, दोन्ही इतकं मोठ्याने की मला स्वतःला ऐकू आलं.

तुला शिव्या द्यायच्या आहेत. त्या लिहून पोस्टाच्या हवाली करण्यासारख्या नाहीत, समक्ष देईन. सोळा महिने कमी नसतात. मी पाना हातात धरायला भीत होतो. विनीताच्या मिक्सरचा स्क्रू सैल झाला तर तो शेजारच्याकडून आवळून घेतला. हे तू केलंस. मी विसरणार नाही. पण चर्चमध्ये उभा राहिलास हेही विसरणार नाही.

पेटी काल खाली काढली. वरच्याच खणात ती निळी चिंधी होती, घडी घालून. मीच ठेवली असणार. सोळा महिने ती माझ्या डोक्यावरच होती, मी वर चढून बघायला भ्यालो. तेव्हा भित्रेपणात तू एकटा नाहीस.

पांढरी गाडी रद्द कर. ते उकळलेलं ऑइल आणि तापलेली रबरं भरवशाची नाहीत, सगळं नवीन घालायचं. मी चोवीसला येतो, दोन दिवस लागतील. तोपर्यंत जीपला हात लावू नकोस. पुसूसुद्धा नकोस.

लग्नाच्या दिवशी मी जीपमध्ये बसणार नाही. मागून रिक्षाने येईन. तू ब्रेक दाबलास की दिवे लागले पाहिजेत, सोडलास की विझले पाहिजेत. ते मागूनच दिसतं.

सत्यवान

*

नांदगाव,
३० डिसेंबर २०२५

आर्थर,

लग्न छान झालं. तुझं भाषण लांबलं, पण तुझ्या भाषणाला ब्रेक लावणं मेस्त्रीचं काम नव्हे.

मागून काय दिसलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितो. ना नवरी दिसत होती, ना तू. फक्त दोन लाल दिवे आणि स्टेलाचा पदर का ओढणी काय म्हणतात ते, थोडं बाहेर उडत होतं. चर्चच्या उतारावर तू नऊ वेळा ब्रेक दाबलास. तीन वेळा पुरे होते. नऊ वेळा दिवे लागले, नऊ वेळा विझले. महादू शेताच्या बांधावर उभा राहून प्रत्येक वेळी मान हलवत होता, ते तू बघितलं नसशील, तुझं सगळं लक्ष पायात होतं.

मी डोळे पुसत होतो तर रिक्षावाला ओमकार मागे वळून ओरडला, "काका, ता लग्नाचा चेडू तुमच्या नात्यातला?" मी म्हटलं, "चेडवाचा मागाहून बघू. जीप माझी."

दोन तारखेला कणकवलीचं शटर उघडतोय. तीन जणांनी आधीच निरोप पाठवलेत, त्यांतले दोघे तुमच्या चर्चचे. काथ्या दारातल्या खिळ्याला टांगणार आहे. गिऱ्हाईकाने स्वतः काही दुरुस्ती करून आणली असेल तर आधी तो दाखवणार. जीप दर तीन महिन्यांनी घेऊन ये. फटीतून पाणी आलं तर येऊ दे. रोझाला पाय वर घ्यायला सांग.

रोझावरून आठवलं. जेवायला बसलो तेव्हा ती वाढायला आली. वडे तिने डाव्या हाताने वाढले. आमच्यात डाव्या हाताने वाढत नाहीत हे तिला इतक्या वर्षांत चांगलं ठाऊक आहे. विनीताने माझ्याकडे बघितलं. मी रोझाच्या मनगटाकडे बघितलं. गोल फिरवून दाखवलंन तिने, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि वड्यांचं ताट पुढे धरून उभी राहिली.

मी अजून दोन मागून घेतले. त्याच हाताने.

तुझा,
सत्यवान